वल्ह्याची मूठ

१

आमची नदी ड्युटीवर येते. वर डोंगरातल्या वीजघरातून पहाटे पाणी सुटतं, ते आमच्या घाटाला आठच्या आसपास पोचतं आणि साडेअकरा वाजले की उतरायला लागतं. तेवढे तीन-साडेतीन तास कुंडलिका खरी नदी असते. बाकीचा दिवस गोट्यांमधून वाट काढत रोह्याकडे निघालेलं मुकाट पाणी. त्यामुळे आमचा धंदाही सकाळचाच. सातला पत्र्याची शेड उघडायची, दोरीवरची लाइफ जॅकेटं झटकायची, बोटींत हवा भरायची आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची वाट बघत चहा प्यायचा.

मी रूबेन अष्टमकर. राहणार अष्टमी, म्हणजे रोह्याच्या समोरच्या काठाला. पेणपासून रोह्यापर्यंत एके काळी आमच्या यहुदी लोकांची बरीच घरं होती, आता सण आला की प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवायला फोनाफोनी करावी लागते. बाकीचे इस्राईलला गेले. मी गेलो नाही, कारण मला रबरी बोट सोडून दुसरं काही चालवता येत नाही. सोळा वर्षं मी बोटीच्या मागच्या टोकाला बसून ‘फॉरवर्ड’, ‘स्टॉप’ असं ओरडतो आहे.

दोन बाबतींत मी कुणाचं ऐकत नाही. पहिली म्हणजे जॅकेटची चारही बकलं ज्याची त्याने लावायची. प्यायलेल्या माणसाला तिसरं बकल सापडत नाही. तो ते शोधत स्वतःभोवतीच फिरतो. त्याला मी सावलीत बसवतो, चहा पाजतो, पण बोटीत घेत नाही. यावरून मी आजवर इतक्या शिव्या खाल्ल्या आहेत की आता कुणी नवीन दिली तर लक्षात राहते.

दुसरी गोष्ट वल्ह्याची. कुणी पाण्यात पडलं तर त्याला हात द्यायचा नाही. ओला हात निसटतो, नाहीतर पडलेला माणूस तुम्हालाच खाली घेतो. वल्हं उलटं करायचं आणि मूठ त्याच्याकडे करायची. त्याने ती अंगठा खालून घालून धरायची, वरून धरली की लाटेत सुटते. मग ओढायचं, जॅकेटच्या खांद्यांना धरून वर घ्यायचं आणि काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचं नाही. हे मी रोज सकाळी पाहुण्यांकडून तीनदा म्हणवून घेतो. लोक हसतात, पण शिकतात.

एवढा शहाणपणा शिकवणारा मी स्वतः कितीतरी वर्षं सकाळचे दोन घोट मारूनच बोटीत बसायचो. एकदा शेपटाच्या रॅपिडला, म्हणजे शेवटच्या खळाळत्या उताराला, बोट उलटवली, नशिबाने कुणाला काही झालं नाही. त्यानंतर माझी बायको दीना आमच्या शीराला घेऊन पेणला माहेरी गेली ती सात महिने आली नाही. आली ती अट घालूनच. “एक थेंब जरी पोटात गेला ना, तर परत पेणला नाय जाणार. भावाकडे जाईन. शीराला घेऊन.” भाऊ म्हणजे इस्राईलातला. मायलेकींचे पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली तयार आहेत. ही नुसती धमकी नव्हती. आमची निम्मी आळी अशीच एकेका दिवशी कुलूप लावून गेलेली आहे.

दोन वर्षं मी थेंबाला शिवलो नाही.

२

पाचव्या रॅपिडनंतर नदी डावीकडे वळते. त्या वळणावर नदीच्या मधोमध बैलगाडीएवढी एक काळी धोंड आहे. दुपारी पाणी उतरलं की गुराखी तिच्यावर बसून भाकरी खातात.

प्यायचो तेव्हा मला सकाळी जाताना त्या धोंडीवर एक माणूस दिसायचा. तो हात वर करायचा, मीही करायचो. रोज त्याच एसटीने जाणाऱ्याला कंडक्टर मान हलवतो, तितपत ओळख. ऊन समोरून यायचं, त्यामुळे तोंड कधी नीट पाहिलं नाही. गळ टाकणारा कुणीतरी असेल असं मी धरून चाललो होतो.

दारू सुटली आणि तीन-चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की तो हल्ली दिसत नाही. बोटीबरोबर लहान होडी घेऊन चालणारा आमचा साईराज, त्याला मी सहज म्हटलं, “तो धोंडीवरचा गळवाला सोडून गेला वाटतं.”

“कुठच्या धोंडीवरचा?”

“वळणावरच्या. सकाळी उभा असायचा तो.”

साईराज तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघायला लागला. “दादा, आपन जातो तेव्हा त्या धोंडीवर कमरेएवढं पानी असतं. आनि काय धार ती! रेडा उभा राहनार नाय तिथं.”

खरंच होतं ते. मी रोज त्या जागेवरून जात होतो. पाण्यावर नुसता एक फुगवटा दिसतो, त्याच्याखाली धोंड. हे मला सोळा वर्षं ठाऊक होतं आणि तरी त्या माणसाला हात करताना एकदाही खटकलं नव्हतं. मी हसून विषय बदलला. चहा मात्र तसाच राहिला.

मग मी स्वतःची समजूत घातली. प्यायलेल्याला फेसाचा माणूस दिसतो, खांबाचा पोलीस दिसतो, बायकोची सासू दिसते. मी प्यायचो, म्हणून दिसायचा. आता पीत नाही, म्हणून दिसत नाही. हिशेब बरोबर लागला आणि मी निवांत झालो.

पण या हंगामात तो इतरांना दिसायला लागला.

पहिले पेणचे चार वकील. बकलं शहाण्यासारखी लावली आणि मग बोटीत खिशातल्या चपट्या बाटल्या काढल्या. पाच रॅपिड त्यांनी गाणी म्हणून नदी डोक्यावर घेतली. वळण आलं आणि गाणं कुणीतरी बटण दाबल्यासारखं थांबलं. त्यातल्या सगळ्यात जाड्याने हळूच हात वर केला.

“कुणाला हात केलात, साहेब?” मी विचारलं.

“तो काय. एकटाच उभा हाय बिचारा.”

त्याच बोटीत पुढे न प्यालेलं एक जोडपं बसलं होतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यांना कुणी दिसलं नाही. मलाही नाही.

डिसेंबरात बोटीत लपून प्यायलेली ठाण्याची एक बाई म्हणाली, “काका, त्यांना घ्या ना बोटीत. किती वेळ थांबलेत.” जानेवारीत एका झिंगलेल्या पोराने धोंडीकडे नाही, त्याच्या बरंच अलीकडे बोट दाखवलं. “पोहायला मस्त येतं हां त्याला,” तो म्हणाला. हे लोक एकमेकांना ओळखत नव्हते. प्रत्येक वेळी आधी ती शांतता पडायची. पाण्याचा आवाज तेवढा राहायचा आणि बोटीच्या तळाखाली गोटे घासल्यासारखी खरखर.

तिथे कुणी कधी बुडालं होतं का, असं तुम्ही विचाराल. नदी आहे, माणसं बुडतात. मी चौकशीला गेलो नाही. मला भीती वेगळीच होती. एखाद्या सकाळी, पोटात फक्त चहा असताना, तो मला दिसला तर? मग माझी दोन वर्षं कुठे गेली? म्हणून वळण आलं की मी मुद्दाम धोंडीकडे बघायचो. तिथे नुसतं पाणी दिसलं की छातीवरचा दगड उतरायचा.

३

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी धाटावच्या एका कंपनीतली सहा पोरं आली. रात्रपाळी करून तशीच तीन बाइकवर. त्यांच्यातल्या ऋत्विकचं आठ दिवसांवर लग्न होतं आणि त्याच्या नावाने ही मजा चालली होती. ऋत्विक बारकासा, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, सगळ्यांच्या थट्टेला हसणारा. म्होरक्या जितेश. त्याचा आवाज त्याच्याआधी शेडमध्ये शिरला.

“काका, नवरदेवाला जरा जोरात बुडवा हां! सासरवाडीला पोचायच्या आत धुऊन निघू दे.”

“बकलं लावा आधी.”

“ही बगा.” जितेशने डोळे मिटून चारही बकलं लावली. “कंपनीत मास्क नि पट्टे लावून जिंदगी चालली आमची. ही काय मोठी गोष्ट हाय!”

सहाही जण पास झाले. मला नाही म्हणायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती. ऊन चढेल, पाणी लागेलच, म्हणून मी घेऊ दिली. झाकण उघडून वास घ्यायला हवा होता. पण मला पाळीवरून आलेल्या पोरांची दया आली. सोळा वर्षांच्या धंद्यात दया येण्याचे प्रसंग थोडे, त्यातला एक हा.

वल्ह्याचा धडाही झाला. तिघांनी टिवल्याबावल्या केल्या. ऋत्विकने मात्र मन लावून ऐकलं. वल्हं उलटं करून, मूठ पुढे करून त्याने मला दोनदा विचारलं, “असं ना, काका? अंगठा खालून ना?”

“अगदी असंच,” मी म्हणालो.

४

तिसऱ्या रॅपिडपर्यंत मला वास आला होता. बाटल्यांत पाणी नव्हतं. नवरदेवासकट सगळे लाल झाले होते, कान्हू नावाचा एक तर उभा राहून नाचत होता. मी ओरडलो, त्याला जॅकेट धरून खाली बसवला, बोट काठाला घेतो म्हणालो. पण तिथे दोन्ही काठांना उभा कडा, बोट टेकवायला जागा नाही. वळणाच्या पुढे वाळूचा पट्टा आहे, तिथे सगळ्यांना उतरवून चालत नेऊ असं मी ठरवलं.

चौथ्या रॅपिडनंतर पाणी संथ होतं. तिथे नेहमी पाहुण्यांना दोरी धरून पाण्यात उतरू देतात. मी नको म्हणालो, तरी दोघांनी उड्या मारल्याच. त्यांना गोळा करण्यात माझी पाच मिनिटं गेली. पाठ जितेशकडे होती. माझी स्टीलची बाटली मागच्या दोरीला अडकवलेली असते.

दोघांना वर ओढून माझा घसा कोरडा पडला होता. मी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि मोठा घोट घेतला.

तो गेला तेव्हा आतून जाळत गेला. मला कळलं ते गिळल्यावर. जीभ, टाळू, कानाच्या पाळ्या, सगळ्यांनी एकदम ओळख दाखवली. दोन वर्षांनी घरी आलेल्या पाहुण्याला कुत्रंसुद्धा विसरत नाही, तशी.

“काकांनी मारली!” जितेश टाळ्या पिटत होता. “ओ काका, तोंड बगा तुमचं! एका घोटानं काय होतं?”

मी बाटली पाण्यात उलटी केली. जितेशच्या कानाखाली वाजवावी असं इतक्या जोरात वाटलं की मी वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. आणि खरं सांगायचं तर राग नंतरचा. आधी डोळ्यांपुढे कपाट आलं, साड्या आल्या. त्यांच्या खालचे दोन पासपोर्ट आले. शीरा नववीत आहे. तिची शाळा, तिची सायकल, सगळं मी एका घोटात गिळून बसलो होतो.

“गप बसा सगळे,” मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. पाचवं रॅपिड समोर आलं होतं.

५

रॅपिड पार पडलं. पोरं आरडाओरडा करत होती. जितेश घसा फाडून कसलीतरी घोषणा देत होता, आणि अर्ध्या शब्दावर थांबला.

सगळेच थांबले. कान्हूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बोटीच्या तळाखाली खरखर सुरू झाली.

बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सोळा वर्षांची सवय, मान आपोआप वळली. धोंडीच्या जागी पाण्याचा फुगवटा होता. त्यावर कुणी नव्हतं. ऊन, फेस, पाणी. तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. एक घोट पोटात असूनही कुणी दिसत नव्हतं. म्हणजे सगळा माझा आणि त्या बेवड्यांचा भास होता, म्हणजे मी बरा होतो.

तेवढ्यात बोट थांबली.

ती अडकली नाही. गोट्यावर बोट अडकते तेव्हा धक्का बसतो, तळ वर येतो, माणसं पुढे पडतात. हे तसं नव्हतं. बोट भर धारेत नुसती उभी राहिली. पाणी मागून येऊन रबरावर चढायला लागलं आणि दोन्ही अंगांनी घों घों करत पुढे जायला लागलं. खाली पुरुषभर खोल मोकळं पाणी. सोळा वर्षांत मी बोट अशी उभी राहिलेली पाहिली नव्हती.

मी पुढे बघितलं. डाव्या टोकाला ऋत्विक गुडघ्यांवर बसून बाहेर झुकला होता. वल्हं त्याने उलटं केलं होतं, अगदी शिकवलं तसं. मूठ पाण्याच्या दिशेला. “धर, धर,” तो प्रेमाने म्हणत होता. “आनलंच तुला. अंगठा खालून घाल.”

मुठीवर एक हात होता.

मनगटाच्या मागे फेस होता, त्यामुळे पुढचं काही दिसलं नाही. दिसला तो हात. तीन तास पाण्यात राहिलेल्या पाहुण्याचा होतो तसा पांढराफटक, बोटं सुरकुतलेली. त्याने मूठ पकडली होती ती अंगठा खालून घालून. या नदीवर असं धरायला फक्त मी शिकवतो. रोज सकाळी, मोठ्याने.

“ऋत्विक, सोड!”

“माणूस हाय काका!”

आणि इथे मी अडकलो. पाण्यातला माणूस सोडायचा नाही, हे माझ्याच तोंडचं वाक्य. माझ्या पोटात एक घोट होता. खरंच कुणी वरच्या बोटीतून पडून वाहत आलं असेल तर? मी ज्याला सोडायला सांगतोय त्याचं घर खांब गावात असेल, बायको-पोरं असतील, तर? माझ्या डोळ्यांचा भरवसा मलाच राहिला नव्हता. ऋत्विक इंचाइंचाने पुढे सरकत होता. त्याच्या चष्म्यावर पाणी उडत होतं आणि तो हसत होता.

या नदीवर त्या क्षणाला एकच माणूस न प्यालेला होता. मी धारेच्या दिशेला वळून ओरडलो, “साईराज! माझ्या डाव्या अंगाला पाण्यात कोण हाय?”

साईराज त्याची होडी तीस हातांवर तिरकी धरून उभा होता. “कोन नाय!”

“नीट बघ! नवरदेवाच्या वल्ह्याला कोण लटकलंय?”

“कोन नाय दादा! बोट कशाला थांबवलीत?”

मला साईराजचं ऐकायचं होतं, आणि मी ऐकलं. मी बोटीच्या लांबीवरून पोरांच्या मांड्या तुडवत पुढे गेलो. ऋत्विकच्या जॅकेटच्या खांद्यात माझी बोटं रुतवली. दुसऱ्या हातातलं वल्हं त्याच्या वल्ह्यावर घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला त्याची बोटं उघडली आणि आम्ही दोघंही मागे जितेशच्या अंगावर पडलो.

बोट सुटलेल्या बैलासारखी निघाली.

वल्हं लाकूड-प्लास्टिकचं असतं, ते कधी बुडत नाही. हे वल्हं पाण्यात उभं राहिलं, पातं वर करून. मग सरळ खाली गेलं, जिना उतरावा तसं.

६

वाळूच्या पट्ट्यावर सहाही जण उतरून ओळीत बसले. दारू कुणाच्याच अंगात उरली नव्हती. जितेश माझ्यासमोर आला, मान खाली घालून उभा राहिला.

“काका, चुकलं. मारायचं तर मारा.”

मारण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी फक्त विचारलं, “तुला काय दिसलं?”

“काय नाय,” तो घाईने म्हणाला. मग वाळूकडे बघत, “मला इचारू नका.”

ऋत्विक तळहात उलटेसुलटे करून बघत होता. उजव्या हाताची सालं निघाली होती. “आधी मी ओढत व्हतो,” तो म्हणाला. “मग मलाच ओढल्यासारखं झालं. पन मला वाटलं, सोडलं तर तो जाईल.” चष्मा मात्र दोरीमुळे जागेवर होता. त्याने तो पुसला, डोळ्यांवर लावला आणि एकदम हमसून हमसून रडायला लागला. जिवंत माणसाचं ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या शेजारी बसून त्याची पाठ चोळत राहिलो.

एकला पाणी उतरल्यावर मी आणि साईराज वल्हं शोधायला वळणावर गेलो. धोंड उघडी पडली होती. गुणाजी नावाचा गुराखी तिच्या एका कडेला भाकरी सोडून बसला होता. आम्ही सगळे गोटे धुंडाळले. खाली दोन डोह पाहिले. वल्हं नव्हतं.

“गुणाजीबाबा, असे कडेला का बसलाव? पडाल की,” साईराज म्हणाला. “मध्ये बसा ऐसपैस.”

“मधी ओलं असतंय,” गुणाजी घास चावत म्हणाला. “सुकतच नाय ती जागा. उन्हाळ्यातबी.”

धोंड चटके बसतील इतकी तापली होती. मी मध्ये काय आहे ते बघायला वर चढलो नाही. साईराजने चढायला पाय उचलला, तर त्याचा दंड धरून खाली घेतला.

७

रोह्याला येताना धाटावच्या पुढे पानाची टपरी आहे. गाडी तिथे आपोआप थांबली. जुन्या दिवसांत मी इथेच थांबायचो. दोन लवंगा, बडीशेप, वर एक कडक पान, आणि घरी जाताना तोंडाला देवळाचा वास.

मी गाडीवर बसूनच विचार केला. एकच घोट होता. मी घेतला नव्हता, पाजला होता. साईराजला ठाऊक नाही. ती सहा पोरं या जन्मात कुणाला बोलणार नाहीत. नदीने आज मला सोडलं, मग स्वतःहून विहिरीत उडी कशाला मारायची? टपरीवाल्याने लवंगांच्या डब्याला हातही घातला. “नेहमीचं का, रूबेनशेठ? लय दिवसांनी.”

“नाय,” मी म्हणालो आणि गाडी काढली. हे धैर्य वगैरे नव्हतं. त्या दिवशी आणखी एक गोष्ट धरून ठेवायची शक्ती माझ्या हातांत उरली नव्हती.

दीना ओट्यावर वाल सोलत बसली होती. शीरा शाळेत. मी चपला काढल्या नाहीत, अंगणातच उभा राहिलो.

“दीना, मी आज प्यालो.”

तिचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. बाटली, जितेश, घोट. धोंड, तो हात, वल्हं. आधीच्या वर्षांत मी त्याला हात करायचो तेसुद्धा सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच ते एका बेवड्याने रचलेलं वाटत होतं. तिच्या बोटात अर्धा सोललेला वाल तसाच.

“गिळलात का थुंकलात?”

“गिळला. कळायच्या आत.”

“आनि मग?”

“मग बाटली ओतून दिली.”

“दुसरा घोट?”

“नाही.”

“वाटला नाय घ्यावा?”

“वाटला,” मी म्हणालो. “खूप वाटला.”

ती उठून आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ते दार करकरतं, मी कितीदा तेल घालीन म्हणालो होतो. मी अंगणात उभा. दोन-तीन मिनिटं असतील, पण धारेत उभ्या राहिलेल्या बोटीतसुद्धा मला इतका वेळ गेल्यासारखा वाटला नव्हता. मला आतून बॅगेच्या चेनचा आवाज येईल असं वाटत होतं. आला नाही. ती परत आली तेव्हा तिच्या हातात माझा कोरडा शर्ट होता.

“हा घाला. ओल्या कपड्यांनी बसाल आनि ताप काढाल.”

“आणि तुझी अट?”

दीना पुन्हा वालांपुढे बसली. माझ्याकडे न बघता बोलायला लागली. “दोन वरसं झाली मला येऊन. रोज तुम्ही झोपलात ना, की मी वाकून तुमच्या तोंडाचा वास घेते. रोज. लाज वाटते माझी मलाच. पन झोप येत नाय घेतल्याबिगर.”

मला हे ठाऊक नव्हतं. एवढ्या दिवसांत एकदाही मला जाग आली नव्हती.

“तुम्ही प्यायचात त्याचा त्रास थोडा व्हता,” ती म्हणाली. “पिऊन घरी येऊन, लवंग चघळत, ‘देवाशप्पथ नाय’ म्हनायचात ना, त्यानं मी पेणला गेले. अट दारूची सांगितली, कारन थापांची कशी सांगायची ते मला नाय समजलं.”

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. तिने वालांचं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि आम्ही दोघं सोलत राहिलो.

“त्या पोराचं लगीन हाय ना आठ दिवसांनी?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“आहे.”

“मग झालं तर. तो पान्यातला कोन व्हता ते मला नाय ऐकायचं. आनि त्या वळनावर तुमी यापुढे कुनाला प्यालेला नेलात, तर मी स्वतः येऊन बोटी फाडीन.”

दुपारी तिने बिरडं-भात वाढला. मी तीनदा घेतला. इतका जेवलो की तीच “पुरे आता” म्हणाली. मग मी आतल्या खोलीत आडवा झालो. अंग दुखत होतं, झोप काही लागेना. डोळे मिटून पडून राहिलो.

तिची पावलं आली. उंबऱ्याशी थांबली. मी श्वास सावकाश केला, झोपलेल्या माणसाचा असतो तसा, आणि वाट बघत राहिलो. तिने पंखा एकने वाढवला आणि भांडी घासायला निघून गेली.